हाड जोडलंत, आता ते भक्कमही करा : सोलापूरच्या अस्थिरोगतज्ज्ञांना खुले पत्र

आदरणीय डॉक्टर,

सोलापूरच्या पूर्व भागात माझं औषधाचं दुकान आहे. तुमच्यापैकी अनेकांच्या चिठ्ठ्या रोज माझ्या हातातून जातात. तुम्ही केलेलं ऑपरेशन मला दिसत नाही, पण त्यानंतरचे महिने आणि वर्षं मला दिसतात. कोण चालायला लागलं, कोण परत पडलं, कुणाचं औषध मध्येच थांबलं, हे काउंटरच्या अलीकडून स्पष्ट कळतं. त्यातलं काही तुमच्यापर्यंत पोचतच नसावं असं वाटतं, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

खुब्याच्या ऑपरेशननंतर घरी सोडताना दिलेलं कार्ड घेऊन मुलगा किंवा सून दुकानात येते. कार्डावर अँटिबायोटिक, दुखण्याची गोळी, पित्ताची गोळी, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून काही दिवसांचं औषध आणि कॅल्शियम असतं. टाके काढायची तारीख असते, वॉकर कधीपासून धरायचा तेही असतं. ज्या आजारामुळे हाड मोडलं, त्या आजारावरचं औषध मात्र बहुतेक कार्डांवर नसतं. नुसतं कॅल्शियम हे त्याचं औषध नव्हे, हे तुम्ही माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जाणता.

मोरीत पाय घसरला, उंबऱ्याला ठेच लागली, खाटेवरून उतरताना तोल गेला आणि खुब्याचं हाड मोडलं. उभ्या उंचीवरून पडून धडधाकट हाड मोडत नाही. पन्नाशीपुढच्या बाईचा खुबा एवढ्याशा पडण्यानं मोडला, किंवा मणका आपोआप दबला, तर ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान तिथेच झालं. हाडांतला कॅन्सर किंवा दुसरं काही कारण नाही एवढं तुम्ही बघून घ्याल, पण डेक्साचा, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या तपासणीचा, रिपोर्ट येईपर्यंत थांबायची गरज नसते. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ साली टी-स्कोअर (निरोगी तरुण हाडाच्या मानानं घनता किती, तो आकडा) उणे २.५ ही रेषा आखली. आकडा त्या रेषेवर किंवा खाली असून वर हाडही मोडलेलं असेल, तर त्याला तीव्र ऑस्टिओपोरोसिस म्हणायचं हेही त्याच व्याख्येत आहे. आपल्याकडे खुब्याला रॉड टाकलेल्या आज्या अनेकदा याच तीव्र गटातल्या असतात, आणि त्यांनाच आपण कॅल्शियमवर घरी पाठवतो.

माझं म्हणणं एवढंच आहे. हाड जोडलंत की ते का मोडलं याचाही उपचार त्याच वेळी सुरू करा. आणि ज्यांना हाड नव्यानं बांधणारं टेरिपॅराटाइडचं इंजेक्शन लागणार आहे, त्यांना त्याचा पूर्ण प्रवास, खर्चासकट आणि शेवटाच्या औषधासकट, पहिल्याच दिवशी सांगा.

आमच्या भागातल्या बायकांबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. इथे पिढ्यान्‌पिढ्या विड्या वळल्या जातात. मांडीवर सूप, त्यात तेंदूची कापलेली पानं, तंबाखू आणि दोरा. पाठ वाकवून, मान खाली घालून सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचं. तेही घरात, उजेडापुरत्या उघड्या दारापाशी. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसच्या पुढे जाणाऱ्या या गावात व्हिटॅमिन डी कमी असलेल्या बायका इतक्या कशा, असं नवे डॉक्टर विचारतात. ऊन भरपूर आहे, पण ते या बायकांच्या अंगावर पडतं कधी? लवकर झालेलं लग्न, पाठोपाठची बाळंतपणं, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणं आणि अनेकींची पिशवी चाळिशीच्या आत काढलेली. पिशवीबरोबर बीजाशयही काढली असतील तर हाडांची झीज तेव्हापासूनच वेगात सुरू होते. साठी येईपर्यंत हाडात काय उरत असेल?

या बायका दुकानात येतात त्या कंबरदुखीची गोळी मागायला. ‘मणक्यात गॅप आलाय’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं. पाठीला पोक आलेलं असतं, ते विडीच्या बसण्यानं आलं असं घरचे धरून चालतात. एका अक्कांनी मला सहज सांगितलं की त्यांचे जुने परकर आता जमिनीला लागतात, शिलाई सोडवून आखूड करून घ्यावे लागले. परकर वाढत नाहीत, डॉक्टर. उंची चार-पाच सेंटिमीटर कमी झाली असेल तर आत एखाददुसरा मणका दबलेला असण्याची दाट शक्यता असते. मणक्यांची अशी सुमारे दोन तृतीयांश फ्रॅक्चर्स निदानापर्यंत पोचतच नाहीत. भिंतीला उभं करून उंची मोजायला आणि पाठीचा बाजूनं एक एक्स-रे काढायला फार खर्च येत नाही. पुढे खुबा मोडून त्या तुमच्यासमोर येणार असतील, तर त्याआधीची ही पायरी आपण सगळ्यांनी पकडली पाहिजे.

कारण खुबा मोडल्यावरचं गणित वाईट आहे. खुबा मोडलेल्या वृद्धांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात जातो, आणि जे राहतात त्यांतल्या अनेकांना पुन्हा पहिल्यासारखं चालता येत नाही. यात काही करता येतं याचा पुरावा २००७ साली आला. खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रॉनिक ॲसिडचं वर्षातून एकदा द्यायचं सलाईन दिलेल्या रुग्णांत पुन्हा हाड मोडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं, मृत्यूचं २८ टक्क्यांनी. वर्षातून एक सलाईन! तेसुद्धा आमच्याकडच्या कार्डांवर क्वचितच लिहिलेलं असतं.

आता इंजेक्शनाकडे येते, कारण सर्वांत जास्त घोळ आणि सर्वांत मोठी आशा तिथेच आहे.

टेरिपॅराटाइड हे आपल्या मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथींच्या संप्रेरकाचा एक तुकडा आहे. मूळ संप्रेरक ८४ अमिनो आम्लांचं, हे त्यातल्या पहिल्या ३४ चं. हे संप्रेरक रक्तात सतत वाढलेलं राहिलं तर हाड झिजतं. पण दिवसातून एकदाच थोडंसं, २० मायक्रोग्रॅम, कातडीखाली टोचलं आणि काही तासांत ते शरीरातून निघून गेलं, तर हाड बांधणाऱ्या पेशी जाग्या होतात. झोलेड्रॉनिक, अ‍ॅलेंड्रोनेट, डेनोसुमॅब ही औषधं हाडाची झीज रोखतात. दुकानात मी लोकांना मागाचंच उदाहरण देते : ती औषधं कापड उसवू देत नाहीत, हे इंजेक्शन नवं कापड विणतं. विणकरांच्या घरात हे लगेच कळतं.

ते किती काम करतं तेही आकड्यांत उपलब्ध आहे. मणका आधीच मोडलेल्या १,६३७ बायकांवरचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. औषधाविना पुन्हा मणका मोडण्याचं प्रमाण १४ टक्के होतं, रोजच्या २० मायक्रोग्रॅमनं ते ५ टक्क्यांवर आलं. पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. नंतर तीव्र ऑस्टिओपोरोसिसच्या बायकांत त्याची तुलना रिसेड्रोनेट या नेहमीच्या गोळीशी झाली. दोन वर्षांत गोळीवाल्यांपैकी १२ टक्के बायकांचा नवा मणका मोडला, इंजेक्शनवाल्यांपैकी ५.४ टक्के बायकांचा. मणक्यासाठी याचा पुरावा सर्वांत भक्कम आहे. म्हणून ज्या बाईचे दोन-तीन मणके दबलेत, जिचा टी-स्कोअर फारच खाली आहे, जी वर्षानुवर्षं स्टिरॉइडवर आहे, किंवा गोळ्या नीट घेऊनही जिचं हाड मोडलं, तिच्यासाठी हे औषध आहे. सगळ्यांसाठी नाही, आणि ते सगळ्यांना लिहा अशी माझी मागणीही नाही.

घरचे मला कॅन्सरबद्दल हमखास विचारतात. मोबाइलवर कुणीतरी वाचलेलं असतं. उंदरांना लहानपणापासून जवळजवळ आयुष्यभर मोठ्या मात्रेत हे औषध दिल्यावर त्यांच्या हाडात कॅन्सर झाला होता, ही गोष्ट खरी आहे. त्यामुळे पहिल्यापासून औषधावर ठळक इशारा होता. पण माणसांवरच्या अनेक वर्षांच्या पाहणीत तसा धोका वाढलेला दिसला नाही, आणि २०२० साली अमेरिकेच्या औषध नियामकानं तो चौकटीतला इशारा काढून टाकला. ज्यांच्या हाडांना पूर्वी रेडिएशन दिलंय, हाडात कॅन्सर पसरलाय, पॅजेटचा (हाडांची वाढ बिघडवणारा) आजार आहे, किंवा रक्तात कॅल्शियम आधीच जास्त आहे, त्यांना हे द्यायचं नसतं. ही माहिती मी देऊ शकते, पण माझ्या तोंडून आणि तुमच्या तोंडून यात फरक पडतो. तुम्ही दोन मिनिटं दिलीत की घरच्यांची भीती जाते. मी सांगितलं तर ‘मेडिकलवाली विकायला बघते’ असं वाटायला जागा राहते.

औषध सुरू होतं, आणि मग बंद पडतं. एक उदाहरण सांगते. एका विडी कामगार बाईंचे दोन मणके दबले होते, मनगटही मोडून गेलं होतं. डॉक्टरांनी अगदी योग्य औषध लिहिलं होतं. मुलगा यंत्रमागावर कामाला. त्यानं उसनवारी करून टेरिपॅराटाइडच्या इंजेक्शनाचं पेन नेलं, पुढच्या महिन्यातही नेलं. दोन-तीन महिन्यांत आईची पाठ दुखायची कमी झाली, ती भाकरी थापायला बसू लागली. बरं वाटतंय म्हणून औषध थांबलं. हे दीड-दोन वर्षं चालवायचं असतं हे त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, चिठ्ठीवर फक्त ‘एक महिना’ लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षी तिचा खुबा मोडला. शासकीय योजनेतून ऑपरेशन झालं, खिशाला तोशीस पडली नाही. पण ज्या औषधानं कदाचित ऑपरेशनच टळलं असतं, त्यासाठी मात्र घरानं कर्ज काढलं होतं आणि ते अर्ध्यावर वाया गेलं.

अशी अर्धवट राहिलेली घरं माझ्या ओळखीची बरीच आहेत. पेनची किंमत महिन्याला हजारांत जाते आणि विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबानं मिळते. हे दोन हिशोब जुळत नाहीत, ते त्या बाईला पहिल्या दिवशीच कळायला हवं. पूर्ण खर्च ऐकून घरचे नको म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. ज्याला दोन वर्षांचं औषध झेपणार नाही, त्याला तीन महिन्यांचं इंजेक्शन देऊन काही साधत नाही. त्याला झोलेड्रॉनिक द्या, मूत्रपिंडाची तपासणी करून. त्या बाईसाठी ते परवडणारं आणि खरोखर उपयोगाचं औषध आहे. महागडं झेपत नाही म्हणून काहीच नाही, हे मात्र होऊ देऊ नका.

पैसे असले तरी दुसरी अडचण असते. पेन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. आमच्याकडे घराघरात फ्रीज नाही. असला तरी काही जण जास्त काळजीपोटी पेन वरच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवतात, ते गोठतं आणि टाकून द्यावं लागतं. उन्हाळ्यात माठाशेजारी ठेवलेलं पेनही मी पाहिलंय. बऱ्याच पेनांबरोबर सुया येत नाहीत, त्या वेगळ्या घ्याव्या लागतात, आणि एकच सुई आठवडाभर वापरणारी माणसं आहेत. पहिल्या काही दिवसांत टोचल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून बसून किंवा पलंगापाशी टोचायला सांगावं लागतं. हे न सांगितल्यामुळे एकजण टोचून उठली आणि पडली, सुदैवानं गादीवर. लेकीकडे तेलंगणात महिनाभर राहायला जाणाऱ्या अम्मा औषध घरीच ठेवून जातात, कारण रेल्वेत ते थंड कसं न्यायचं हे त्यांना ठाऊक नसतं. यातली एकही अडचण मोठी नाही. पण प्रत्येकीनं कुणाचं ना कुणाचं औषध बंद पाडलेलं मी पाहिलंय.

आणि समजा हे सगळं निभावून एखादीनं कोर्स पूर्ण केला. त्यानंतर काय? टेरिपॅराटाइड थांबवून पुढे काहीच दिलं नाही तर कमावलेलं हाड उतरायला लागतं. ते टिकवायला झीज रोखणारं औषध लगेच सुरू करावं लागतं, झोलेड्रॉनिक, अ‍ॅलेंड्रोनेट किंवा डेनोसुमॅब. दोन वर्षं रोज पोटावर किंवा मांडीवर टोचून घेतलेली बाई शेवटचं पेन संपल्यावर आनंदानं मिठाई घेऊन दुकानात येते. मी तिला विचारते, आता पुढचं कोणतं दिलंय? ती म्हणते, डॉक्टर म्हणाले, झालं. तुम्ही ‘कोर्स झाला’ म्हणाला असाल, तिनं ‘उपचार संपला’ असं ऐकलं असेल. हे एक वाक्य चिठ्ठीवर लिहिलेलं असतं तर दोन वर्षं आणि एवढे पैसे पाण्यात गेले नसते.

डेनोसुमॅबबद्दलही असंच. सहा महिन्यांनी एक टोचायचं, सोपं वाटतं. पण ते उशिरा घेतलं किंवा मध्येच सोडलं तर झीज उसळून येते आणि एकाहून जास्त मणके एकदम दबल्याची उदाहरणं आहेत. डेनोसुमॅबनंतर टेरिपॅराटाइड दिलं तर खुब्याची घनता काही काळ घटते, हेही अभ्यासात दिसलंय. म्हणजे क्रम महत्त्वाचा आहे. ज्याला बांधणीची गरज आहे त्याला शक्यतो आधी बांधणी, मग राखण. रोमोसोझुमॅबसारखं नवं औषधही आहे, महिन्यातून एकदा, वर्षभर. मात्र गेल्या वर्षात हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात आलेल्याला ते देत नाहीत. एवढे पर्याय आहेत, तर कोणत्या बाईला कुठल्या क्रमानं काय, हे ठरवणारं माणूस तुमच्याशिवाय दुसरं कोण असणार?

माझ्या विनंत्या साध्या आहेत. ऑपरेशन झालेल्या कार्डावर हाडाच्या आजारासाठी एक स्वतंत्र ओळ असू द्या. टेरिपॅराटाइड लिहिताना किती महिने आणि त्यानंतर कोणतं औषध, हे पहिल्याच चिठ्ठीवर लिहा. पूर्ण खर्च सुरू करायच्या आधी सांगा. सुरू करण्यापूर्वी रक्तातलं कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी बघा, डी कमी असेल तर आधी भरून घ्या. पेन कसं ठेवायचं, सुई कशी बदलायची, चक्कर आली तर काय करायचं, याचं एक पान मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापून घ्या. आमच्या भागातल्या कित्येक अम्मांना मराठी बोलता येतं, पण वाचायला तेलुगूच हवं असतं. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडून येणाऱ्या अनेकींना कन्नड सोपं जातं.

सिव्हिलमधल्या, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयातल्या डॉक्टरांना आणखी एक विनंती. तुमच्याकडे जिल्हाभरातून, शेजारच्या धाराशिवातून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातून रुग्ण येतात. १९९९ साली स्कॉटलंडच्या ग्लासगो शहरात एक व्यवस्था सुरू झाली. हाड मोडून येणाऱ्या पन्नाशीपुढच्या प्रत्येक रुग्णाची एक नर्स नोंद करते, तपासणी करून घेते, औषध सुरू होईपर्यंत आणि नंतरही पाठपुरावा करते. पुढे ती पद्धत अनेक देशांनी उचलली. तिला मोठं यंत्र लागत नाही. एक नोंदवही, एक फोन आणि हे काम स्वतःचं मानणारी एक सिस्टर लागते. वॉर्डात पडलेल्या रुग्णाच्या उशाशी जाऊन नोंद घ्यायची, कारण एकदा घरी गेल्यावर ती परत येईलच असं नाही. आपलं वैद्यकीय महाविद्यालय १९६३ पासून इथे आहे. जिल्ह्यात हे काम कुणी सुरू करू शकेल तर तुम्हीच.

आम्ही औषधविक्रेतेही बाजूला उभे राहणार नाही. ज्याच्याकडे फ्रीज नाही त्याचं पेन दुकानाच्या फ्रीजमध्ये नाव लिहून ठेवायला मी तयार आहे, रोज संध्याकाळी येऊन टोचून जा म्हणून सांगते. महिना संपत आला की फोन करायला तयार आहे. पेन बर्फाला न टेकवता थंड पिशवीत ठेवून रेल्वेत कसं न्यायचं ते दाखवायला तयार आहे. माझ्यासारखे आणखी दुकानदार तयार होतील, मी त्यांच्याशी बोलते आहे. एवढ्यासाठी आम्हाला तुमच्याकडून दोनच ओळी हव्यात. औषध किती महिने आणि त्यानंतर कोणतं. त्या चिठ्ठीवर असल्या, की कुणाचं पेन कधी संपतं आणि पुढचं औषध कधी सुरू व्हायला हवं याची वही मी माझ्या दुकानात ठेवीन, आणि ज्याचं थांबलंय त्याचं नाव तुमच्या दवाखान्यात फोन करून कळवीन.

आपली नम्र,
पूर्व भागातील एक औषधविक्रेती,
सोलापूर